नटाची उपजीविका

एखादा नट दिवंगत झाला म्हणजे आपण त्याची आठवण काढतो ती त्याच्या दोन किंवा तीन भूमिकांच्या आधारे. डॉ. श्रीराम लागू म्हटले की अप्पासाहेब बेलवलकर, प्रभाकर पणशीकर म्हटले की लखोबा लोखंडे, निळू फुले म्हटले की 'सामना'तला हिंदुराव धोंडे पाटील, अशी समीकरणे आपल्या मनात पक्की झालेली असतात. स्मृतीच्या सोयीसाठी ती ठीक आहेत. परंतु ज्या माणसाने चाळीस-पन्नास वर्षे रंगमंचावर आणि पडद्यावर काम केले, त्याच्या हयातीचा जमाखर्च मांडावयास ती अगदीच अपुरी आहेत. त्या चार-दोन भूमिकांच्या आगेमागे त्याने ज्या शेकडो संध्याकाळी रंगभूषा चढविली, ज्या दुय्यम भूमिका मनापासून केल्या, अर्ध्या भरलेल्या प्रेक्षागृहापुढे जे प्रयोग पूर्ण ताकदीने वठविले, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. मृत्युलेखात त्यांना जागा नसते आणि रंगभूमीच्या इतिहासात तर त्यांचा उल्लेखही येत नाही.

या अनुल्लेखामागे एक समजूत दडलेली आहे. कला निराळी आणि पोट निराळे. नट जे पोटासाठी करतो ते त्याचे गौण काम, आणि जे कलेसाठी करतो तेवढेच त्याचे खरे काम, अशी ती समजूत होय. ही समजूत मला सर्वस्वी चुकीची वाटते. माझे प्रतिपादन असे आहे की नटाची कला त्याच्या नियमित आणि मोबदल्याच्या कामातूनच घडते. उपजीविका ही त्याच्या कलेला चिकटलेली उपाधी नसून तिची पूर्वअट आहे. आणि ज्या समाजाला उत्तम नाटक हवे असेल त्याने मध्यम प्रतीच्या, कामसू, नावारूपाला न आलेल्या नटाचा संसार चालेल अशी तजवीज आधी केली पाहिजे.

इतिहासाचीच साक्ष काढावयाची तर मराठी रंगभूमीच्या आरंभापाशी जावे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले ते सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आज्ञेने आणि आश्रयाने. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि दरबारचा तो आश्रय तुटला. त्या प्रसंगी भाव्यांनी आपली मंडळी मोडून टाकली असती तर 'सीतास्वयंवर' ही एका संस्थानाच्या कारकीर्दीतील करमणुकीची नोंद म्हणून उरली असती. परंतु मंडळींच्या पोटाचा प्रश्न समोर उभा राहिला, म्हणून ते आपला खेळ घेऊन गावोगाव हिंडू लागले, आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. मराठी नाटक खऱ्या अर्थाने सार्वजनिक झाले ते या क्षणी. जोवर ते दरबारात होते तोवर एका माणसाची मर्जी राखणे एवढेच त्याचे दायित्व होते. तिकीट काढून येणाऱ्या नानाविध जातींच्या, धंद्यांच्या आणि अभिरुचीच्या माणसांपुढे ते उभे राहिले तेव्हा सर्वांना समजेल अशी वाणी आणि सर्वांना भिडेल असा विषय शोधणे त्याला भाग पडले. आपल्या रंगभूमीचा सार्वजनिकपणा हा कोणा महात्म्याच्या उदात्त संकल्पातून नव्हे, तर नटांच्या उपजीविकेच्या निकडीतून जन्मास आला आहे, आणि यात कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही.

पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकमंडळ्यांचे युग सुरू झाले. या मंडळ्यांचा विचार आपण बहुधा पदे, पडदे आणि भरजरी शालू यांच्या अनुषंगाने करतो. माझ्या मते त्यांचे खरे महत्त्व त्यांच्या व्यवस्थेत होते. एखादा मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना मंडळीत दाखल होई. प्रथम तो पडेल ते काम करी, इतरांच्या नकला उतरून देई, विंगेत उभा राहून जुन्या नटांचे प्रवेश रोज पाही, मग बालभूमिका करी, आवाज फुटेपर्यंत स्त्रीभूमिका करी, आणि त्यानंतर नायक, खलनायक, वृद्ध अशा पायऱ्या वयोमानाप्रमाणे चढत जाई. या सर्व काळात त्याला मंडळीच्या बिऱ्हाडी जेवण आणि निवारा मिळे, महिना ठरलेला पगार असे. शिक्षण आणि उपजीविका यांची इतकी एकजीव व्यवस्था आजच्या कोणत्याही नाट्यविद्यालयाला साधलेली नाही. शिकत असताना पोट भरत होते, आणि पोट भरण्यासाठी रोज रात्री लोकांपुढे उभे राहावे लागत असल्यामुळे शिकणे थांबत नव्हते.

त्या व्यवस्थेचे दोषही तितकेच खरे आहेत आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मुलांची शाळा सुटे. पगार महिनोन्महिने तुंबत. भागीदारांची भांडणे होऊन मंडळी फुटली की पगारी नट एका रात्रीत उघड्यावर पडे. वैभवाच्या हव्यासापायी कर्जाचे डोंगर उभे राहत. सर्वांत मोठा दोष असा की हा दरवाजा स्त्रियांना जवळजवळ बंद होता. तो ज्यांनी उघडला त्यांच्यापैकी एका घराण्याची हकीकत येथे विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण नटाचे आयुष्य म्हणजे काय याचा अर्थ तिच्यात पुरेपूर भरलेला आहे.

दादासाहेब फाळके १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' काढावयास निघाले तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही. अखेर उपाहारगृहात चाकरी करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी तारामती केले. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. परंतु 'हरिश्चंद्रा'नंतर लगेच काढलेल्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात मात्र फाळक्यांना दोन स्त्रिया लाभल्या. पार्वतीच्या भूमिकेत दुर्गाबाई कामत आणि मोहिनीच्या भूमिकेत त्यांची किशोरवयीन कन्या कमला. दोघीही फिरत्या नाटकमंडळीतून आलेल्या होत्या. पतीपासून विभक्त झालेल्या, पदरी मूल असलेल्या स्त्रीला त्या काळी मानाने जगण्याचे मार्ग किती होते, हे सांगण्याची गरज नाही. दुर्गाबाईंनी नाटकाचा मार्ग पत्करला, आणि समाजाने त्याबद्दल त्यांना जो दोष दिला तो सोसून त्या काम करीत राहिल्या. भारतीय चित्रपटातील स्त्रीच्या अभिनयाचा आरंभ असा एका आईच्या चरितार्थातून झालेला आहे.

कमला पुढे कमलाबाई गोखले झाल्या. तारुण्यातच वैधव्य आले, तीन मुलगे लहान होते. त्यांनी रंगभूमी सोडली नाही. प्रसंगी पुरुषांच्या भूमिकाही केल्या, कारण मंडळीला ज्या दिवशी ज्या पात्राची गरज असेल ते पात्र उभे करणे हा नटधर्म त्यांच्या अंगवळणी पडलेला होता. त्यांच्या मुलांपैकी लालजी आणि सूर्यकांत यांनी तबला हाती घेतला, आणि १९२१ साली जन्मलेल्या चंद्रकांत गोखल्यांनी बालवयापासून रंगभूमी. चंद्रकांत गोखले २००८ साली वारले तोवर कंपनीची नाटके, कंपन्या बुडाल्यानंतरची नाटके, बोलपट, रंगीत चित्रपट अशी सारी स्थित्यंतरे त्यांच्या डोळ्यांदेखत घडली आणि त्या प्रत्येकात ते काम करीत राहिले. त्यांचे चिरंजीव विक्रम गोखले यांनी जयवंत दळवींच्या 'बॅरिस्टर'मधील भूमिकेने रंगभूमी गाजविली, हिंदी-मराठी पडद्यावर आणि दूरचित्रवाणीवर अखंड काम केले, 'अनुमती'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळविला, आणि २०१६ साली घशाच्या विकारामुळे रंगमंचाचा निरोप घ्यावा लागला तेव्हाही कॅमेऱ्यापुढचे काम थांबविले नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात ते गेले. १९१३ ते २०२२ अशी शंभराहून अधिक वर्षांची ही अखंड चाकरी आहे.

या घराण्याकडे पाहताना मला विशेष वाटते ते याचे की कोणत्याही एका अलौकिक भूमिकेवर त्याची कीर्ती उभी नाही. ती सातत्यावर उभी आहे. माध्यम बदलले, भाषा बदलली, प्रेक्षक बदलला, अभिनयाची रीत तर तीन-चारदा समूळ बदलली. परंतु काम मिळविणे, ते नीट करणे आणि त्याच्या मोबदल्यावर घर चालविणे हा क्रम मोडला नाही. हा क्रम मोडला नाही म्हणूनच पणजीने फिरत्या मंडळीत जे कमावले ते पणतवापर्यंत पोचू शकले. कलेची परंपरा म्हणून आपण ज्या गोष्टीचा गौरव करतो ती बऱ्याच अंशी अशी रोजच्या कामाच्या धाग्याने विणलेली असते.

काम बदलले की कलाही बदलावी लागते, याचा प्रत्यय मराठी नटांना बोलपटाच्या आगमनाने फार कठोरपणे आला. १९३१ मध्ये 'आलम आरा' आणि १९३२ मध्ये 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' प्रदर्शित झाल्यानंतर थोड्याच वर्षांत नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली आणि मंडळ्या एकामागून एक बसत गेल्या. त्या वावटळीत दोन थोर नटांची जी गत झाली ती एकमेकींशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. ज्यांच्या स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्राला दोन तपे वेड लावले ते बालगंधर्व 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'मध्ये १९३५ साली संत एकनाथांच्या भूमिकेत पडद्यावर आले. परंतु 'प्रभात'शी त्यांचे सख्य एका चित्रपटापलीकडे टिकले नाही. उलट, तारुण्यात महाराष्ट्र नाटक मंडळीत स्त्रीभूमिकांपासून आरंभ केलेले केशवराव दाते यांनी १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा'चे दिग्दर्शन करून वास्तव अभिनयाचा पायंडा पाडला, आणि १९३७ च्या 'कुंकू'मध्ये तरुण मुलीशी लग्न करून पश्चात्तापाने पोळणारे वृद्ध काकासाहेब असे उभे केले की आजही तो चित्रपट पाहताना त्यांच्या डोळ्यांतील शरम असह्य होते.

यावरून बालगंधर्वांपेक्षा दाते श्रेष्ठ, असा निष्कर्ष मी काढीत नाही. अशा तुलना निष्फळ असतात. मला दाखवावयाचे आहे ते इतकेच की बालगंधर्वांची कला एका विशिष्ट व्यवस्थेशी एकरूप झालेली होती, तर दात्यांनी आपली कला ही कोणत्याही व्यवस्थेत वापरता येईल अशी विद्या मानली होती. पहिल्या प्रकारचा नट युगातून एकदा होतो आणि त्याचे पूजन करणे योग्यच आहे. परंतु रंगभूमीचा नित्य व्यवहार चालतो तो दुसऱ्या प्रकारच्या नटांवर.

या विद्येचे स्वरूप बाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच' या नाटकाचा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला. त्यात प्रभाकर पणशीकर पाच निरनिराळी रूपे घेत. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा, दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, दाजीशास्त्री दातार आणि राधेश्याम महाराज. फिरता रंगमंच वळून पुढचे दृश्य समोर येईपर्यंत जो अवकाश मिळे तेवढ्यात पोषाख, केस आणि मिशा तर बदलावयाच्याच, पण उच्चाराची ठेवण, मानेचा ढंग, हात ठेवण्याची लकब आणि श्वासाची लयही बदलावयाची. आणि पुन्हा या पाचही रूपांच्या तळाशी तो एकच थंड डोक्याचा भामटा आहे याचे भान प्रेक्षकाला राहिले पाहिजे. हे एकदा करणे कठीण आहे. पणशीकरांनी ते अडीच हजारांहून अधिक वेळा केले. आज नागपुरास, उद्या अमरावतीस, रात्रभर बसमध्ये अवघडून झोपलेले शरीर घेऊन, प्रत्येक नाट्यगृहाचा आवाज निराळा, प्रकाशाची सोय निराळी, विंगेची रुंदी निराळी, अशा परिस्थितीत तिसरी घंटा झाली की सारे विसरून उभे राहावयाचे, आणि ज्या प्रेक्षकाने आयुष्यात प्रथमच हे नाटक पाहण्यासाठी तिकीट काढले आहे त्याला हा पहिलाच प्रयोग आहे असे वाटावयास लावावयाचे.

कॅमेऱ्यापुढची अडचण याच्या अगदी विरुद्ध जातीची आहे. तेथे कथेचा शेवट आधी चित्रित होतो आणि आरंभ महिनाभराने. वडिलांच्या मृत्यूचे दृश्य सकाळी झालेले असते आणि त्याच वडिलांशी पहिल्यांदा भांडण्याचे दृश्य दुपारच्या जेवणानंतर. समोर प्रेक्षक नाही, टाळी नाही, शंभर माणसांची ये-जा चालू आहे, आणि दिवे लावून होईपर्यंत दोन तास बसून राहिल्यानंतर तीस सेकंदांत डोळ्यांनी जे सांगावयाचे ते सांगून मोकळे व्हावे लागते. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचविण्यासाठी जी भुवई उंचावावी लागते ती क्लोज-अपमध्ये हास्यास्पद दिसते. संपूर्ण पात्राचा आलेख नटाला एकट्यानेच मनात बाळगावा लागतो. आजचा नट सकाळी मालिकेच्या चित्रीकरणास जातो आणि दुपारी चारच्या प्रयोगाला ठाण्यात किंवा पुण्यात हजर होतो, तेव्हा या दोन विरुद्ध शिस्तींमध्ये तो एकाच दिवसात ये-जा करीत असतो. याला बुद्धीचे काम म्हणावयाचे नाही तर कशाला म्हणावयाचे?

यावर पहिला आक्षेप असा घेण्यात येईल की मराठी रंगभूमीचे उत्तमोत्तम कार्य पैशाशिवायच झालेले आहे. 'रंगायन', 'आविष्कार', 'थिएटर अकॅडमी' या संस्थांनी अल्प द्रव्यबळावर जे केले ते व्यावसायिक संस्थांना साधले नाही. राज्य नाट्य स्पर्धेतून १९५४ पासून हौशी कलावंतांच्या पिढ्या पुढे आल्या. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्यातील वस्तुस्थिती मला सर्वथा मान्य आहे. परंतु त्या वस्तुस्थितीचा अर्थ काय? 'घाशीराम कोतवाल' दिग्दर्शित करणारे जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ होते, त्यात नाना फडणवीस साकारणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ होते. त्या काळातील कितीतरी प्रायोगिक नट बँकांत, आयुर्विमा महामंडळात, रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत नोकरीला होते. सायंकाळी सहाला कचेरी सुटली की तालमीला येत. म्हणजे ती रंगभूमीही पैशाशिवाय चाललेली नव्हती. तिच्या नटांचा पगार दुसरेच कोणी देत होते, एवढाच फरक. कायम नोकरी, ठरलेली वेळ आणि निवृत्तिवेतन देणारी ती व्यवस्था जसजशी विरळ होत आहे तसतसे प्रायोगिक रंगभूमीचे मनुष्यबळही आटत चालले आहे.

शिवाय काही कामे अशी आहेत की जी उरलेल्या वेळात होऊच शकत नाहीत. डॉ. लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. पुण्यात आणि आफ्रिकेत त्यांनी व्यवसाय केला, आणि त्या काळात हौसेने नाटकेही केली. १९६९ साली वयाच्या बेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ नट होण्याचा निर्णय घेतला, आणि २३ डिसेंबर १९७० रोजी कुसुमाग्रजांच्या 'नटसम्राटा'चा पहिला प्रयोग झाला. दवाखाना सांभाळून सवडीने नाटक करणाऱ्या माणसाला ती भूमिका गावोगावच्या दौऱ्यांसह पेलता आली नसती. आणि पुढे हिंदी चित्रपटांत त्यांनी ज्या शंभरांहून अधिक भूमिका केल्या, ज्यांतील अनेक त्यांच्या योग्यतेच्या मानाने किरकोळ होत्या, त्यांकडे नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की पडद्यावरील त्या मिळकतीमुळेच रंगमंचावर हवे ते नाटक निवडण्याचे स्वातंत्र्य नटाला राहते.

दुसरा आक्षेप पुनरावृत्तीचा. रोज तेच केले की कला यांत्रिक होते, असे म्हणतात. ज्याला शोध घ्यावयाचा नाही त्याच्या बाबतीत ते खरे आहे. पण शोध घेणाऱ्याला पुनरावृत्तीवाचून दुसरे साधन कोणते? गवई तोच राग आयुष्यभर आळवितो त्याला आपण साधना म्हणतो, आणि नट तेच नाटक पाचशे वेळा करतो त्याला धंदा म्हणतो, हा न्याय मला समजत नाही. प्रशांत दामले यांनी ६ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईत आपला साडेबारा हजारावा प्रयोग केला. विनोदाची वेळ अर्ध्या क्षणाने पुढेमागे झाली की हशा मरतो. ती वेळ हजारो संध्याकाळी नव्या प्रेक्षकाबरोबर नव्याने जुळविणे ही सवयीने होणारी गोष्ट नव्हे.

एकाच साच्यात अडकण्याचा धोका मात्र खरा आहे, आणि त्याची मीमांसा निळू फुले यांच्या उदाहरणाने करणे उचित होईल. पुण्यातील सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला हा नट 'एक गाव बारा भानगडी'पासून चित्रपटात आला आणि गावगुंड पाटील, लबाड पुढारी, वासनांध सावकार अशा भूमिकांत व्यवसायाने त्याला जखडून टाकले. खेड्यापाड्यांत बायाबापड्यांनी पडद्यावरच्या त्याला शिव्याशाप दिले. परंतु त्याच माणसाने रंगमंचावर सखाराम बाइंडर उभा केला आणि १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये सत्तेचा बाजार उघड्या डोळ्यांनी पाहत विदीर्ण होत जाणारा पत्रकार दिगू टिपणीस साकारला. साचेबंद भूमिकांनी त्यांची कला मारली नाही, उलट हिंदुराव धोंडे पाटलासारखी भूमिका समोर आली तेव्हा तोवर केलेल्या पाटलांचा अनुभव त्यांच्या हाताशी होता, आणि ठोकळ्याला छेद देऊन त्यातून माणूस बाहेर काढणे त्यांना शक्य झाले. दोष द्यावयाचाच तर तो एकाच प्रकारच्या भूमिका वारंवार लिहिणाऱ्या आणि मागणाऱ्या व्यवस्थेला द्यावा. मिळालेले काम प्रामाणिकपणे करणाऱ्या नटाला नव्हे.

आता तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत अधिक बोचते. नटाच्या हालअपेष्टांचे आपण एक काव्य करून ठेवले आहे. खरा कलावंत उपाशी राहतो, खरा नट रंगमंचावरच प्राण सोडतो, असल्या कल्पना आपल्याला मनोहर वाटतात. वृद्ध नटाची दैना झाली की आपण त्याला बेलवलकर म्हणतो आणि डोळे पुसतो. परंतु 'नटसम्राट' लक्षपूर्वक वाचणाऱ्याच्या ध्यानात येईल की बेलवलकर नटाच्या धंद्याने देशोधडीला लागलेला नाही. तो मानाने निवृत्त झालेला, गाठीशी मिळकत असलेला नट आहे, आणि ती मिळकत त्याने वात्सल्याच्या भरात मुलांना वाटून टाकली आहे. ती शोकांतिका बापाची आहे. ज्या नटाला आयुष्यात कधी मिळकतच झाली नाही, आजारपणात ज्याच्यापाशी औषधाला पैसे नाहीत, त्याच्या दुःखाला ते नाव देऊन आपण त्याच्या साध्या, व्यावहारिक आणि निवारण करता येण्याजोग्या दुःखाला दैवगतीचा दिमाख चढवितो आणि आपल्या जबाबदारीतून सुटका करून घेतो. त्याच 'नटसम्राटा'त कावेरीची अविस्मरणीय भूमिका करणाऱ्या शांता जोग आणि गुणी नट जयराम हर्डीकर हे १९८० साली दौऱ्याच्या बसला झालेल्या अपघातात मृत्युमुखी पडले. रात्रीचा प्रयोग संपवून पहाटेपर्यंत पुढचे गाव गाठावयाचे, या धंद्याच्या रीतीत तो धोका कायम भरलेला आहे. अशा मृत्यूंना हौतात्म्याचा मुलामा देण्यापेक्षा प्रवासाची वाहने धड असावीत, चालकाला झोप मिळावी आणि प्रत्येकाचा विमा उतरलेला असावा, हा आग्रह अधिक सहृदयपणाचा आहे.

म्हणून करावयाच्या गोष्टी स्पष्ट आहेत आणि त्या कोणाच्याही आवाक्याबाहेरच्या नाहीत. नटाला प्रत्येक प्रयोगाची जी 'नाइट' मिळते तिचा लेखी करार असावा, आणि प्रयोग ऐनवेळी रद्द झाल्यास काय मिळेल हेही त्यात नमूद असावे. मालिकेच्या चित्रीकरणाचे पैसे महिनोन्महिने थकविण्याची जी रूढी पडली आहे ती मोडावी. बारा-बारा तासांच्या कामानंतर विश्रांतीचा हक्क लेखी असावा. हे सारे नायकाला मागून मिळते. तीन प्रवेशांच्या भूमिकेतील नटाला, रंगभूषाकाराला, नेपथ्य लावणाऱ्याला ते मागण्याची सोय नसते, म्हणून नायकांनीच त्यांच्यासाठी ते मागितले पाहिजे. २०२० च्या मार्चपासून महामारीमुळे नाट्यगृहे बंद पडली तेव्हा या वर्गाची जी उपासमार झाली ती आपण सर्वांनी पाहिली आहे. शिल्लक नसलेल्या धंद्यात दोन महिन्यांचा खंडसुद्धा संसार मोडावयास पुरेसा असतो.

शासनाची जबाबदारी याहून निराळी आहे. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची जी योजना महाराष्ट्रात पूर्वीपासून चालत आली आहे तिची रक्कम २०२४ मध्ये वाढवून महिना ५,००० रुपये करण्यात आली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु म्हातारपणी दिलेले मानधन हे तरुणपणी न मिळालेल्या कामाची भरपाई होऊ शकत नाही. नटाला सर्वांत मोठे साहाय्य कोणते, तर काम करावयास जागा. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी बांधलेली कित्येक नाट्यगृहे लग्नसमारंभांना आणि सभांना भाड्याने दिली जातात, त्यांची ध्वनियंत्रणा नादुरुस्त असते, रंगपटात पाणी नसते, स्त्रीकलावंतांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह नसते. नाट्यगृहाच्या उद्घाटनाला जेवढा खर्चवेच होतो तेवढा दरसाल देखभालीवर झाला तर दौरा करणे परवडेल, दौरे वाढले तर प्रयोग वाढतील, आणि प्रयोग वाढले की शंभर नटांचे घर चालेल. कलेला उत्तेजन म्हणतात ते याहून फारसे निराळे नसते.

शेवटी समीक्षकाचे आणि प्रेक्षकाचे कर्तव्य उरते. समीक्षकाने नायकाच्या पलीकडे पाहावे. ज्या नटाने दोन प्रवेशांत एक कारकून, एक शेजारी, एक वकील नेमका उभा केला त्याचे नाव घ्यावे आणि त्याने काय केले ते सांगावे. प्रेक्षकाने फुकट पासाची अपेक्षा सोडून तिकीट काढावे आणि आपल्या गावी नाटक आले असता ते पाहावे. बालगंधर्व, दाते, लागू, फुले यांच्या नावाने आपण स्पर्धा भरवितो, सभागृहांना त्यांची नावे देतो, शताब्द्या साजऱ्या करतो. हे सर्व करावेच. परंतु त्यांच्यासारखे नट पुन्हा निर्माण व्हावेत अशी आपली खरोखरीची इच्छा असेल, तर आज ज्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत अशा दोन-तीनशे नटांना पुढील महिन्यात काम असेल, त्या कामाचे पैसे वेळेवर मिळतील आणि वयाच्या पन्नाशीत हा धंदा सोडून दुसरे काही शोधण्याची पाळी त्यांच्यावर येणार नाही, एवढी व्यवस्था आपण लावून दिली पाहिजे. थोर नट याच नटांमधून निघतो, आणि तो कोणता असेल हे आधी कोणालाही सांगता येत नाही. म्हणून त्या सर्वांचेच पोट भरले पाहिजे.